ण नसलेलं पाणी

मिठाचे ढीग पुन्हा उभे राहिले आहेत. जूचंद्रला आमच्या घराच्या गच्चीवरून खाजणाकडे पाहिलं की डोळे आपोआप बारीक होतात, इतका तो पांढरा उजेड टोचतो. कॉलेजला अभ्यासाची सुट्टी लागली आहे. मांडीवर पुस्तक आहे, हातात पेन्सिल आहे आणि वाऱ्यावरून तो वास येतो आहे. ओल्या चिखलाचा, खारा, थोडा कुजका, तरी कुठेतरी धुतल्यासारखा. हा वास आला की परीक्षेची भीती जागी होते आणि उजव्या हाताची मूठ वळते. भीती दरवर्षीची आहे. मूठ दोन वर्षांपूर्वीची.

मीठ आणि परीक्षा आमच्याकडे एकाच वेळी पिकतात. उन्हं कडक झाली की बाबा मिठागरात आणि मी पुस्तकात. माझ्याआधी घरात कुणी शाळेच्या पुढे गेलेलं नाही, त्यामुळे परीक्षा म्हणजे घरात कुणाला तरी ताप आल्यासारखं असतं. आई दबक्या आवाजात बोलते, शेजारच्यांना हातानेच गप्प करते आणि माझ्यासमोर चहा ठेवून पावलं न वाजवता जाते. मी इंजिनिअरिंगला आहे म्हणजे नक्की काय करतो हे तिला कळत नाही. खरं सांगायचं तर बऱ्याचदा मलाही कळत नाही.

हे लिहावं की नाही ते अजून माझं ठरलेलं नाही. सूड घेतल्याची गोष्ट सांगणाऱ्याने शेवटी पश्चात्ताप झाला असं म्हणायचं असतं. मला तो झालेला नाही. निदान अजून तरी.

गोष्ट एका अक्षराची आहे. आमच्या घरात ण नाही. पानी, लोनी, गानी, कोनी. मिठागरात, भातशेतीत, खाडीवर, सगळीकडे न. शाळेत मराठीच्या बाई मला उभं करून म्हणायच्या, जीभ वर वळव, टाळूला लाव. मी घरी आरशासमोर जीभ वळवून पाहायचो. बाबा हसायचे, म्हणायचे, जीभ आहे की करवंदीचा काटा. हळूहळू मला ण जमला. मग माझ्या दोन जिभा झाल्या, घरातली आणि बाहेरची. उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसा मी ण काढून ठेवायचो आणि बाहेर पडताना परत चढवायचो. बाबांना अशी सोय नव्हती.

दुसऱ्या वर्षाला असताना माझी हजेरी कमी भरली. हंगामात बाबांच्या हाताखाली माणूस नव्हता, म्हणून मी मधले दिवस मिठावर जात होतो. कॉलेजने पालकांना सही करायला बोलावलं. बाबा सकाळचं काम उरकून, पाय घासून घासून धुऊन, लग्नाला घालतात तो पांढरा शर्ट घालून आले. मिठागरात काम करणाऱ्याचे पाय कितीही धुतले तरी ते कळतात. टाचा पांढऱ्या राहतात. सही झाली, मी कागद द्यायला आत गेलो आणि बाबा पॅसेजमध्ये पाण्याच्या कूलरपाशी थांबले. तिथे निशांत उभा होता.

निशांत माझ्याच वर्गातला. वसई पश्चिमेला राहणारा, वडील बिल्डर. कॉलेजात स्वतःची गाडी घेऊन येणारे अगदी थोडे होते, त्यांतला एक. पांढरी सिटी, मागे डब्याएवढा सायलेन्सर. कूलरचा साखळीने बांधलेला पेला तेव्हा त्याच्या हातात होता.

मी बाहेर आलो तेव्हा अर्धं होऊन गेलं होतं, ते मला नंतर इतरांकडून कळलं. बाबांनी विचारलं होतं, “पोरा, जरा पानी मिलंल का?”

निशांतने पेला भरला. पुढे केला. आणि बाबांनी हात लांबवला तसा मागे घेतला.

“पानी नाही, काका. पाणी. ण. बोला, ण.”

बाबांना वाटलं, पोरगं मस्करी करतंय, आपणही हसून घ्यावं. ते हसून परत म्हणाले, पानी. चार-पाच जण हसले. निशांतने पेला आणखी मागे नेला. मी पोहोचलो ते या हसण्यावर. बाबांच्या चेहऱ्यावर ते मघाचं हसू अजून तसंच होतं, फक्त त्याला आता धरायला काही नव्हतं. मी निशांतच्या हातातून पेला घेतला, बाबांपुढे धरला. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, निशांतकडे पाहिलं, अगदी नीट, माप घ्यावं तसं. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तान गेली.”

आणि रणरणत्या उन्हात तसेच स्टेशनकडे चालू लागले. त्यानंतर ते कॉलेजला कधी आले नाहीत.

मी त्याला तिथेच मारायला हवं होतं असं विल्सन म्हणतो. मला मारता येत नाही. मला उत्तरही लगेच देता येत नाही. कुणी बोललं की माझं डोकं रिकामं होतं. उत्तर येतं ते घरी, जेवताना, नाहीतर भर लेक्चरमध्ये दोन दिवसांनी. आणि येतं तेव्हा इतकं नेमकं येतं की माझ्याच अंगावर काटा उभा राहतो. पण समोर तेव्हा कुणी नसतं.

वर्गात माझं नाव पानी पडलं. हजेरीला मास्तरांनी माझा नंबर पुकारला की मागून कुणीतरी हळूच, पानी. कँटीनमध्ये, एक चहा, एक पानी. हरलेल्याला पाणी पाजलं असं आपण म्हणतो. मी वहीत अभ्यास करता करता थांबायचो आणि मनात म्हणायचो, पाजीन. तुला पानीच पाजीन. ण न लावता.

विल्सन राजोडीचा. माझ्याच बाकावर बसणारा, धिप्पाड, सावकाश बोलणारा. त्यांच्या वाडीत फणसाखाली एक जुनी, मरून रंगाची एस्टीम गाडी पडून होती. त्याच्या मामाची, मागून ठोकलेली. डिकीच्या जागी पत्र्याचा चुरा होता, पण इंजिन शाबूत होतं. कोंबड्या आत-बाहेर करायच्या. निशांत आणि त्याचे मित्र दर रविवारी सकाळी आमच्या गावाबाहेरच्या नव्या रस्त्यावर गाड्या पळवायचे. जुनं मिठागर भरून काढलेला तो रस्ता. पुढे इमारती होणार होत्या, त्या अजून व्हायच्या होत्या, त्यामुळे रस्ता नुसताच सरळ जाऊन चिखलात संपायचा. त्या मातीखाली बाबांनी मीठ ओढलं होतं.

मी विल्सनला म्हटलं, आपण एस्टीमला टर्बो लावू. त्याने फणसाकडे पाहिलं. मग म्हणाला, “उपासकाळ लागलाय. मटण बंद. राग खाल्लेला चालतो का, ते फादरला विचारायला लागेल.” त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्या बाहेर काढल्या.

टर्बो म्हणजे काय हे मी आईला सांगायचा प्रयत्न केला होता. इंजिनातून धूर बाहेर पडतो, तो नुसता वाया जातो. त्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं. धूर त्याला फिरवतो आणि ते दुसऱ्या बाजूने हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. म्हणजे फेकून दिलेलं परत कामाला लावायचं, आई म्हणाली, शिळ्या भाताचं करतो तसं. मला ते कुठल्याही पुस्तकापेक्षा बरं वाटलं. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. टर्बो लगेच उत्तर देत नाही. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. चक्राला वेग यायला वेळ लागतो. गाडी जणू ऐकलंच नाही अशी राहते आणि मग एकदम पाठीत लाथ बसते. पुस्तकात त्याला दोष म्हटलं आहे. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हे यंत्र माझ्याच स्वभावाचं आहे.

आमच्याकडे नवं काहीच नव्हतं. टर्बो एका भंगारातल्या डिझेल गाडीचा, मुंबईच्या भंगारबाजारातून गोणपाटात गुंडाळून आणलेला. त्याच्यासोबत त्याच गाडीचा इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारी अॅल्युमिनियमची जाळी. तेलाची नळी जेसीबीच्या होजवाल्याकडून. टर्बो इंजिनाला जोडणारा जाड पाइप आम्ही तुळिंजच्या ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग करून घेतला. तो दिवसभर नव्या बिल्डिंगच्या खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. तो वाकडातिकडा पाइप त्याने सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, “ये कौनसी खिडकी का है, भाई?” विल्सन म्हणाला, ज्या खिडकीतून शेजारी बघतो तिचा. तो ग्रिलवाला पुढे प्रत्येक वेळी आम्हाला शेजाऱ्याची खबर विचारायचा.

त्या दिवसांचे माझे हात आठवतात. नखांत ग्रीस, पुस्तकाच्या पानांवर अंगठ्याचे काळे ठसे. सकाळी अभ्यास, दुपारी राजोडी. सुरूच्या झाडांतून येणारा वारा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, चर्चच्या घंटा आणि त्यांत आमचा पाना पडल्याचा खणकन आवाज. विल्सनची आई दारात उभी राहून म्हणायची, या हंगामात लोक पाप धुतात, तुम्ही पेट्रोलने हात धुताय. मी ओशाळून हसायचो. पण बोल्ट आवळताना प्रत्येक फेऱ्याला मला तो मागे जाणारा पेला दिसायचा. मी जरा जास्तच आवळायचो. दोन बोल्टांची मान त्यामुळे तुटली.

पहिल्याच चाचणीत इंजिन ठोकायला लागलं. आतून कुणीतरी हातोडी मारतंय असा आवाज. दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेटतं. एक प्लग टोकाला वितळला होता. एप्रिलच्या उन्हात साध्या वाऱ्याने ती जाळी गार होणार नव्हती. बर्फ हवा होता आणि राजोडीला बर्फाला काय तोटा. शेजारच्या मासेवालीची थर्माकोलची पेटी आणली, तिच्यात जाळी बसवली, भोवती बर्फ भरला, पेटी ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या जागी बांधली. विल्सनची आई आत डोकावून म्हणाली, “ही गाडी हाय का म्हावऱ्याची टोपली?” गाडी बरी पळाली. पण हवी तेवढी नाही. निशांतच्या गाडीपुढे ती कमीच पडली असती, हे मला कागदावर दिसत होतं.

मीठ मला अभ्यास करताना सुचलं. खरं तर आठवलं. लहानपणी एक कुल्फीवाला सायकलवरून मिठागरात यायचा आणि बाबांकडून जाडं मीठ न्यायचा. मला वाटायचं तो कुल्फीत मीठ घालतो. तो माझ्या हातात कुल्फी देऊन म्हणाला होता की मीठ बर्फात, कुल्फीच्या बाहेर. मीठ पडलं की बर्फाला आणखी थंडी वाजते. हे सगळं नंतर पुस्तकात इंग्रजीत भेटलं, पण मला ते कुल्फीच्याच चवीत माहीत होतं. फक्त मीठ अगदी शेवटी टाकायचं. आधी टाकलं तर बर्फ वाटेतच संपतो.

बाबांकडे मीठ मागितलं. त्यांनी फावडं टेकवून विचारलं, “कनाला?”

गाडीत घालायला, मी म्हटलं.

“गारीत मीठ,” बाबा स्वतःशीच म्हणाले. मग मिठाच्या ढिगाची पाठ निवडून, वरचं धुळीचं बाजूला सारून, आतलं स्वच्छ मीठ गोणीत भरून दिलं. कुणाविरुद्ध, का, काहीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

निशांतला मी कँटीनमध्ये शर्यतीचं आव्हान दिलं. मी हरलो तर एस्टीमच्या दारांवर मोठ्या अक्षरांत ‘पानी’ रंगवून वर्ष संपेपर्यंत कॉलेजला आणीन. तो हरला तर त्याने आमच्या मिठागरात यायचं आणि माझ्या बाबांना स्वतःच्या हाताने पाणी द्यायचं. एवढंच? तो म्हणाला. एवढंच, मी म्हटलं. सगळे इतके हसले की मला बरं वाटलं. हसणारा माणूस तयारी करत नाही.

ईस्टरनंतरचा रविवार. विल्सन चर्चमधली सकाळची मिस्सा करून, चांगल्या कपड्यांतच आला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना मुलं उभी केली होती, एका बाजूची म्हैस हाकलली होती. निशांतच्या मित्रांनी एस्टीमभोवती फिरून नाक दाबलं. निशांतने खिडकीतून विचारलं, “टाकीत पेट्रोल आहे ना, की पानी?” मी सीटचा पट्टा आवळला. विल्सनने पेटीचं झाकण उघडलं, बर्फावर मीठ उलटलं, हाताने ढवळलं, झाकण टेपने बंद केलं आणि खारट बोटं माझ्या कपाळाला लावून बाजूला झाला. थंडगार.

रुमाल पडला. पांढरी गाडी झेपावली. मी पाय पूर्ण दाबला आणि काहीच झालं नाही. एस्टीम घोरत पुढे सरकली. पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लहान होत गेले. बाजूला उभ्या पोरांची तोंडं मला दिसत होती, उघडी, हसती. तो काळ किती होता सांगता येणार नाही. कूलरपासून गेटपर्यंत बाबा चालत गेले तेवढा वाटला. मग पुढून एक शीळ ऐकू आली. बारीक, वर वर चढणारी. आणि पाठीत लाथ बसली.

त्याच्या खिडकीशेजारी आलो तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं, रस्ता बघायला हवा होता. पण मी पाहिलं. तो पुढे बघत होता, दात आवळून, आणि त्याला माझं हसू दिसलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. चिखल सुरू होण्याआधी मी कसाबसा थांबलो. आरशात पांढरी गाडी मागून येत होती.

नंतर परीक्षा लागली आणि आम्ही पेटी विसरलो. मिठागरातल्या माणसाच्या पोराने मीठ विसरावं. आमच्या दाराच्या कड्या, खिळे, बाबांच्या सायकलची चाकं, सगळं मिठाने खाल्लेलं बघत मी मोठा झालो होतो. पेपर संपल्यावर झाकण उघडलं तर जाळीवर पांढरी पूड आणि बोट लावलं की भोक. गाडी पुन्हा तशी पळाली नाही. आता ती फणसाखाली आहे, कोंबड्या परत आत आहेत. विल्सन म्हणतो, एकदाच पळायची होती, पळाली. मला वाटतं, राग साठवून ठेवायचं भांडंही राग खातो. पण हे वाक्य छान झालं म्हणून खरंच असेल असं नाही.

निशांत मात्र आला. त्याला ते श्रेय द्यायला हवं. शब्द पाळायला, मित्रांना न आणता, सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आला. दुपारची वेळ. बांधावर बूट रुतायला लागले तसे त्याने बूट हातात घेतले. मी पुढे चालत होतो. बांधावर फुटलेल्या मिठाचे खडे असतात, काचेसारखे. आमच्या टाचांना ते कळत नाहीत. मी त्याला सांगितलं नाही. मागे त्याचा श्वास लागलेला ऐकू येत होता, मग दातांतून आलेला स्स, मग पुन्हा एक. मी वळून पाहिलं नाही. चाल जरा वाढवली.

बाबा फावडं मारत होते. आम्हाला पाहून थांबले. मी म्हटलं, हा माझ्या वर्गातला, तुमच्यासाठी पाणी आणलंय. निशांतने बाटली पुढे केली. त्याच्या दोन्ही तळपायांना चिरा पडल्या होत्या आणि तो वाफ्याच्या कडेला, खाऱ्या पाण्यातच उभा होता. डोळ्यांत पाणी आलेलं. बाबांनी बाटली घेतली. त्याचे पाय पाहिले. त्याला हाताला धरून बांधावर बसवलं, खाली उकिडवे बसले आणि बाटलीचं झाकण उघडलं.

मला वाटलं, झालं. बाबा आता माझा एवढा सूड याच्या पायांवर ओतणार.

बाबांनी बाटली त्याच्या पायांवर धरली. तिरपी केली. आणि थांबवली.

“झोंबतंय ना? काय पायजे?” त्यांनी विचारलं. मायेने, चेहऱ्यावर हसू ठेवून.

“पाणी,” निशांत म्हणाला.

बाटली जराशी मागे गेली.

“काय?”

निशांतने माझ्याकडे पाहिलं. मग तो बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याला तो पॅसेज, तो कूलर, सगळं आठवलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले.

“पानी,” तो म्हणाला.

“हां,” बाबा म्हणाले, आणि ओतलं. सावकाश, दोन्ही तळवे अंगठ्याने चोळत, मिठाचा कण न् कण काढत, लहानपणी माझे धुवायचे तसे. मी उभा राहून बघत होतो. मला वाटत होतं, मी हे सगळं त्यांच्यासाठी केलं. आणि हा माणूस तो पेला एवढे दिवस उराशी धरून, रोज मीठ ओढत, एक शब्द न बोलता वाट बघत बसला होता. उशिरा उत्तर देण्याची खोड मला कुठून आली हे मला त्या बांधावर कळलं.

बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. बाबांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, मान मागे टाकली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग मनगटाने मिशा पुसून माझ्याकडे वळले.

“आता लागली होती तान,” ते म्हणाले आणि फावडं उचललं.